विमान पाहिलेला माणूस

आमच्या वर्कशॉपमध्ये ते विमान पाहिलेला माणूस एकच होता. तो इंजिनिअर नव्हता, मालक नव्हता, मीही नव्हतो. तो टेम्पो चालवायचा.

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप आहे. उजळाईवाडीचा विमानतळ तिथून इतका जवळ, की विमान उतरत असलं की फोनवरचं बोलणं मध्येच थांबवावं लागतं. पण ती प्रवासी विमानं. त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणी मान वर करून बघत नसे. आमचं विमान वेगळं होतं, सैन्याचं, सामान आणि जवान वाहून नेणारं. दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात ते तयार व्हायचं, आणि त्याच्या मागच्या दरवाजाला लागणारा ॲल्युमिनियमचा एक तुकडा आम्ही करायचो. जेमतेम तळहाताएवढा. ड्रॉइंगवर त्याला लांबलचक नंबर होता. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला 'कान' म्हणत. वर गोलाई, मध्ये भोक, खाली पाळी, अगदी कानासारखा. "आज किती कान कापलं?" असं कुणी ओरडून विचारलं की नवा आलेला माणूस दचकायचा.

मशीनवरून कान उतरले की सुरेखाताई आणि तिच्या हाताखालच्या बायका कानशीने त्यांच्या कडा मऊ करायच्या. मग ते माझ्या टेबलावर यायचे. मी तपासनीस. चूक दिसली की तिच्यावर बोट ठेवायचं, एवढंच मी आयुष्यभर केलं. माझी सही झाली की पेट्या भरायच्या, आणि त्या दोन दिवसांच्या रस्त्यावर घेऊन जायच्या दस्तगीरमामांनी.

मामा बुटके, रुंद, खांद्यात किंचित वाकलेले. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, जी धुऊन धुऊन राखाडी झालेली. मंगळवार पेठेत त्यांचं घर होतं, वडील टांगा चालवायचे, आणि टांग्याची एक सवय मामांच्या अंगात उतरली होती. टेम्पो सुरू करण्यापूर्वी ते त्याच्या बॉनेटवर तळहाताने दोनदा थोपटायचे, घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं. सगळ्यांना ते 'पावणं' म्हणत. मालकांना, बँकेच्या माणसाला, गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा. मला मात्र 'सायेब'. कंपनीने पेट्यांखाली अंथरायला फोम आणून दिला होता. मामा फोम अंथरायचे आणि त्यावर घरून आणलेली वाकळ घालायचे. बायकोच्या जुन्या नऊवारींची ती गोधडी. मी एकदा म्हटलं, "मामा, फोम आहे ना, मग ही कशाला?"

"फोम कंपनीचा हाय, सायेब. वाकळ आपली हाय."



त्यांचं एक वाक्य होतं, ते प्रत्येक खेपेला निघताना म्हणायचेच. "माल पोचला म्हंजे काम झालं न्हाय. माल बसला पायजे." म्हणजे आपला कान विमानाला बसला पाहिजे. तो बसला की नाही हे बघून येणारा माणूस म्हणून वर्कशॉपमध्ये त्यांना जो मान होता, तो मालकांनाही नव्हता.

खेप करून मामा आले की त्या दुपारी चहाची सुट्टी जरा लांबायची. मालक काणाडोळा करायचे. कॉम्प्रेसरशेजारी एक लाकडी खोकं पालथं घातलेलं असे, त्यावर मामा बसायचे. भोवती सगळे. सुरेखाताई समोर, कानस हातातच. ती सांगवडेची, शेतकऱ्याच्या घरातली, जिभेने तिखट. सुरुवात तीच करायची.

"बोला मामा, आमचं विमान काय म्हणतंय?"

"म्हणतंय की सुरेखीच्या हाताला आता पयल्यावानी धार न्हाय."

"आत्ता गं बाई. मग त्येला म्हणावं, कडा लागली तर वरडू नगोस."

मग मामा सांगायचे. विमानाचं शेपूट वर उचललेलं असतं. शेपटाखाली त्याचं पोट उघडतं आणि दरवाजा जमिनीला टेकतो, मग त्यावरून जीप चालत आत जाते. त्या दरवाजाचा सगळा भार ज्या बिजागरीवर, त्या बिजागरीला आपला कान. पुढच्या खेपेला कुणीतरी विचारलेलं असायचं, आत उजेड असतो का? जवान कुठं बसतात? बसायला गादी असते का? मामा सगळे प्रश्न डोक्यात घेऊन जायचे आणि उत्तरं घेऊन यायचे. गादी नसते, पट्ट्या असतात. पट्ट्यांवर पाठ टेकून जवान समोरासमोर बसतात. आत गेलं की गार लागतं आणि रंगाचा वास येतो. विमान केवढं, असं विचारलं की मामा हात पसरायचे, आणि हात पुरत नाहीत असं दाखवायला पुन्हा मांडीवर ठेवायचे. "तुज्या गल्लीतली घरं आत घातली तरी जागा ऱ्हाईल, सुरेखे."

आजच्या काळात मोबाइलवर फोटो बघता येतो, हे मला ठाऊक आहे. पण तो कारखाना तीन-चार जातींची विमानं करायचा, आणि आमचा कान कुठल्या जातीचा, हे आमच्या कागदांवर नुसत्या नंबरात होतं. सैन्याचं काम, विचारायचं नाही, असा मालकांचा नियम. सुरेखाताई मोबाइलवर कुठलंतरी विमान काढून मामांपुढे धरायची. मामा चष्मा वर करून बघायचे. "ह्येच्यासारखं. पन ह्ये न्हवं." विषय तिथे संपायचा.

एका खंडेनवमीला एक गोंधळ झाला. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशीनना हळदीकुंकू लागतं, झेंडूच्या माळा पडतात. त्या वर्षी बायकांनी मशीनबरोबर एका कानाचीही पूजा केली. केली ती केली, पण दुसऱ्या दिवशी झेंडू उचलताना तो कान तयार मालात गेला. माझी तपासणी आदल्या दिवशीच झाली होती. पेटी बंद झाली, मामा घेऊन गेले. तिकडच्या तपासनीसाने कानाच्या भोकात पिवळा-लाल थर पाहिला आणि तो नापास केला. मामांनी परत आल्यावर आधी माझ्या टेबलापाशी येऊन, कुणाला दिसणार नाही असा, रुमालात गुंडाळलेला कान माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला.

"बायकास्नी सांगू नगा, सायेब."

मग ते खोक्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "अगं, तुमचा त्यो पूजंचा कान गेला की तिकडं. त्येंनी बगितला. म्हणालं, ऱ्हाऊ दे, शुभ हाय. तसाच बसवला."

बायकांचे चेहरे आठवतात मला. सुरेखाताईने कानस खाली ठेवून दोन्ही हात जोडले होते. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर नोटीस लावली, की तयार मालाला हळदीकुंकू लावू नये. तिने ती वाचली आणि मामांना विचारलं, "शुभ हाय म्हणाले तर मग ही नोटीस कशाला?"

"नोटीस सायबाची हाय," मामा म्हणाले. "विमान सरकारचं हाय."

सगळे हसले. मीही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मामा सांगतात त्यातलं सगळंच घडलेलं नसावं. पण मी बोललो नाही. नियमाप्रमाणे नापास कान करवतीने कापून टाकायला हवा होता. तोही मी कापला नाही.

मग महापुराचं वर्ष आलं. पंचगंगा शहरात शिरली, महामार्ग बंद झाला. जे कामगार कसेबसे येऊ शकले ते आले होते, पण कामात कुणाचं लक्ष नव्हतं. लष्कराचे जवान आणि बोटी घेऊन विमानं उजळाईवाडीला उतरतायत असं कळलं, म्हणून आम्ही सगळे गच्चीवर गेलो. पाऊस बारीक पडत होता. ढग इतके खाली होते की विमानतळाचा दिवाही दिसत नव्हता. चहाचे ग्लास हातात. कुणी काही ऐकण्याआधी मामांनी आपला ग्लास कठड्यावर ठेवला आणि वर बघायला लागले. मग आम्हाला आवाज आला, आणि मग ढगांच्या पोटातून ते बाहेर आलं. करड्या रंगाचं, दोन पंख्यांचं, शेपूट वर उचललेलं.

"मामा, हे का आपलं?" सुरेखाताईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "हे? एवढंसं?"

मामा ते विमान निलगिरीच्या झाडांआड जाईपर्यंत बघत राहिले.

"न्हाय गं," ते म्हणाले. "हे दुसरं. आपलं लई मोठं हाय."

मग ते खाली उतरले आणि टेम्पोच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांचा ग्लास कठड्यावर तसाच राहिला. त्यात पावसाचं पाणी भरत होतं, ते मी पाहिलं. घराची काळजी असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर काही वर्षांनी कारखान्याकडून कळवण्यात आलं की या विमानाचं उत्पादन बंद होत आहे. ठरलेली विमानं पुरी झाली होती, आणि सैन्य आता त्याहून मोठी, नव्या जातीची घेणार होतं. शेवटचं विमान जोडणीला लागलं होतं. आम्ही कान पाठवायचे नाहीत, आणि कान धरून भोकं पाडायचं लोखंडी फिक्श्चर कारखान्याच्या मालकीचं असल्यामुळे ते परत करायचं. मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. मशीनवरच्या काही जणांना ट्रॅक्टरच्या कामावर घेता येणार होतं. कडा घासणाऱ्या बायकांना नाही, कारण त्या कामाला कडा घासायला लागत नाहीत. लांबच्या खेपाही संपणार, म्हणजे टेम्पो विकायचा. मामांना कुणी वेगळं सांगायची गरज पडली नाही.

मग सुरेखाताई म्हणाली, "शेवटच्या विमानात आपला कान बसलाय न्हवं?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"बगून येतो की," मामा म्हणाले.

फिक्श्चर हलवलं त्या दिवशी बायकांनी त्याला हळदीकुंकू लावलं, आणि लगेच सुरेखाताईने स्वतःच्या पदराने ते पुसून काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नोटीस हाय न्हवं भिंतीवर." इतकी वर्षं ते उभं होतं तिथली फरशी बाकी फरशीहून उजळ निघाली.

फिक्श्चर परत देताना कारखान्याच्या आत तपासणी व्हायची होती, म्हणून त्या शेवटच्या खेपेला मी मामांबरोबर गेलो. त्यांनी बॉनेटवर थोपटलं, फिक्श्चरखाली वाकळ नीट केली, आणि निघालो. पहिला दिवस ते नेहमीसारखे बोलत होते. दुसऱ्या दिवशी मात्र कारखाना जवळ यायला लागला तसे गप्प होत गेले. मला वाटलं, शेवटची खेप म्हणून.

कारखान्याचं मालाचं गेट मागच्या बाजूला होतं. तिथला पहारेकरी, सैन्यातून निवृत्त झालेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस, टेम्पो दिसताच हसत पुढे आला. "आ गए, कोल्हापूर? गुड़ लाए?"

मामांनी सीटखालची गुळाची ढेप काढून त्याच्या हातात दिली. गेटच्या बाहेरच एक पत्र्याची शेड होती. तिच्यात माल उतरवून घ्यायचे, कागदांवर शिक्के मारायचे, आणि ड्रायव्हर लोक तिथल्या बाकावर बसून राहायचे. बाकाच्या मागे उंच भिंत, भिंतीवर तारा. मामा त्या बाकाच्या एका कोपऱ्यावर बसले. त्यांच्या अंगाची जागा त्या बाकाला ठाऊक असावी, असे बसले.

माझं ओळखपत्र बघून पहारेकऱ्याने आत जायचा पास दिला. मी विचारलं, "आणि यांचा?"

"ड्रायव्हर अंदर नहीं जाता, साब. कभी नहीं." आणि मग मामांकडे बघून प्रेमाने म्हणाला, "ये तो बस यहीं बैठके सौ सवाल पूछता है."

मी मामांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी त्या पहारेकऱ्याला विनवलं, आतल्या ऑफिसलाही फोन करायला लावला. शेवटची खेप आहे, इतकी वर्षं येतोय हा माणूस, पाच मिनिटं लांबून बघेल, असं सगळं सांगितलं. त्यालाही वाईट वाटत होतं. पण पास माझ्या नावाचा होता आणि दुसरा मिळणार नव्हता.

"जावा, सायेब," मामा म्हणाले. "नीट बगून या."

मी गेलो. आज मला कुणी म्हणतं, तू तरी काय करणार होतास? खरंच काही करता आलं नसतं. तरी तो पास खिशाला लावून भिंतीच्या आत चालत जाताना माझी पाठ मामांकडे होती, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

तपासणी झाल्यावर तिथल्या माणसाने मला लांबून ते शेवटचं विमान दाखवलं. मोठ्या शेडमध्ये ते उभं होतं, अजून रंग न दिलेलं. दोन पंखे, वर उचललेलं शेपूट. मी बघताक्षणी ओळखलं. महापुरात आमच्या डोक्यावरून गेलं होतं, तेच हे. त्या वेळी 'एवढंसं' म्हटलं होतं, तेच. मागचा दरवाजा उघडा होता, आत बसायच्या पट्ट्या लोंबताना दिसत होत्या, पण कान दिसत नव्हता. बिजागरीवर पत्र्याचं झाकण बसवलं होतं. एकदा बसला की तो कुणालाच दिसत नाही, असं तो माणूस म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर खूप अंतर गेल्यावर मामा बोलले.

"सायेब, मी आत गेलो न्हाय कवा, ते तितं सांगू नगा."

"नाही सांगणार, मामा."

"खोटं बोलायचं म्हणून न्हाय बोललो. पयल्या खेपंला आलो तवा सगळ्यांनी इचारलं, बगितलं का? मी हूं म्हणालो. मग पुढच्या खेपंला परत इचारलं." त्यांनी गिअर बदलला. "गेटवरच्या म्हाताऱ्याला इचारून इचारून सगळं घ्यायचो. त्यो खरं तेच सांगायचा. गादी न्हाय, पट्ट्या हायत, ते खरंच हाय न्हवं?"

"खरं आहे. मी बघितल्या."

ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी समाधान म्हणेन. पुढे एका धाब्यावर चहा पिताना त्यांनी हळूच विचारलं, "मोठं हाय न्हवं?"

मी तपासनीस. मी म्हणालो, "तसं मध्यमच आहे, मामा."

त्यांनी मान हलवली आणि चहा पुरा केला.

वर्कशॉपला पोहोचलो त्या दुपारी सगळे वाट बघत होते. खोकं पालथं घातलेलं होतं. मामा खोक्यावर बसले नाहीत. "ह्या टायमाला सायेब बी आत गेलते," ते म्हणाले. "त्येंनाच इचारा." 'बी' हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला.

मला मामांसारखं रंगवून सांगता येत नाही. कधीच आलं नाही. मी उभ्यानेच बोललो. शेवटचं विमान पाहिलं, जोडणी जवळजवळ पुरी झाली आहे. सुरेखाताईने विचारलं, "आपला कान?"

"तो दिसत नाही. वरून पत्रा बसतो."

"आणि केवढं हाय वो?"

मी मामांचं गुपित सांभाळत होतो. ते आत गेले नाहीत हे माझ्या तोंडून निघू नये म्हणून मी प्रत्येक शब्द मोजून बोलत होतो. आणि तसा सांभाळून बोलताना, चूक दिसली की ती दुरुस्त करण्याच्या जन्माच्या सवयीने, मी म्हणून गेलो, "आपण पाहिलंय की ते. महापुरात गच्चीवरून पाहिलं ना? तेच ते. मामा दुसरं म्हणाले होते, पण तेच आहे."



मी काय बोललो ते मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. इतकी वर्षं विमान बघून आलेला माणूस, ते डोक्यावरून गेलं तरी ओळखू शकला नव्हता. सुरेखाताईने मान वळवून मामांकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"व्हय का?" मामा म्हणाले. "मग माजी नजर चुकली आसंल. पाऊस हुता."

त्यांनी रिकामे ग्लास गोळा केले आणि नळावर धुवायला नेले. ग्लास धुणं त्यांचं काम नव्हतं. पाठमोरे उभे राहून ते एकेक ग्लास पुन्हा पुन्हा खंगाळत होते, आणि त्यांना कुणी हटकलं नाही. नंतरच्या उरलेल्या दिवसांत त्यांना कुणी 'विमान काय म्हणतंय' असं विचारलं नाही. सुरेखाताई त्यांच्याशी फार हळू, फार आदराने बोलायला लागली. तिची थट्टा थांबली. मामांना ते सर्वांत जास्त लागलं असावं.

टेम्पोला गिऱ्हाईक मिळालं. किल्ली द्यायला मामा ऑफिसात आले तेव्हा मी एकटाच होतो. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "मामा, माझं चुकलं. मी तुमचं गुपित ठेवायला गेलो आणि—"

"बसा वो पावणं," ते म्हणाले. मला ते नेहमी सायेबच म्हणत आलेले, त्या दिवशी पहिल्यांदा पावणं झालो. स्वतःही समोरच्या खुर्चीवर बसले. "मी वळखलं हुतं."

"काय?"

"ते विमान. पुरात आलतं ते. वळखलं हुतं की. त्या भिंतीपलीकडं त्येचं इंजिन चालवून बगायचे. बाकावर बसून ऐकलंय मी, किती बार. छातीत घुमतंय. ढगात हुतं तवाच मला कळलं, आपलं आलं म्हणून." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "जल्मात पयल्यांदा बगत हुतो, सायेब. डोळ्यांत पानी आलतं. सांगणारच हुतो."

"मग नाही का म्हणालात?"

"सुरेखी म्हणाली न्हवं, एवढंसं?"

ते थांबले.

"तिनं हाताची सालं काडून घेतली त्या कानापायी. त्या सगळ्याजणींनी. घरात पानी शिरलेलं, दोन दिस कुणाच्या पोटात धड काय न्हाय. आन वर बगून म्हणाली, एवढंसं. मग मी कसं व्हय म्हणू? म्हटलं, ऱ्हाऊ दे. त्येंचं मोठंच ऱ्हाऊ दे."

बाहेर मशीन बंद होती. ट्रॅक्टरचं काम अजून सुरू व्हायचं होतं. मला एवढंच उमगलं, की जे या माणसाने स्वतःचं पाहणं गिळून झाकून ठेवलं होतं, ते मी दोन वाक्यांत उघडं केलं, आणि तेही त्याची चूक दाखवण्यासाठी.

देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. मी ड्रॉवर उघडून तो खंडेनवमीचा कान काढला. भोकाच्या कडेला हळद अजून धरून होती. "हा तुमच्याकडे ठेवा, मामा," मी म्हणालो. "आठवण म्हणून."

मामांनी तो हातात घेतला. अंगठा कडेवरून फिरवला, बायका फिरवायच्या तसा. मग माझ्याच हातात परत दिला.

"ह्यो त्यो न्हवं, सायेब."

"मामा, हा तोच. तुम्हीच रुमालातून—"

"त्यो हितं कसा आसंल?" ते म्हणाले, आणि उठून टोपी डोक्यावर घातली. "त्यो बसवलाय की."

किल्ली टेबलावर ठेवून ते गेले. खिडकीतून मी पाहिलं, जाताना टेम्पोपाशी थांबले. हात वर गेला. पण गाडी आता दुसऱ्याची होती. तो हात त्यांनी तसाच खाली घेतला.

पुढे मामा एका दूध संस्थेची गाडी चालवायला लागल्याचं कळलं. सुरेखाताई कागलकडे एका शिलाईच्या कारखान्यात लागली. ट्रॅक्टरचं काम सुरू झालं, माझी नोकरी राहिली. फिक्श्चरच्या जागी आम्ही रॅक ठेवला, तरी त्याच्या कडेने फरशीची उजळ पट्टी दिसते. तिच्यावर पाय द्यायला मला अजून नको वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मामा वारले. कुणी कळवलं नाही, मला उशिरा समजलं. मातीला जाता आलं नाही.

त्याआधी, ते वर्कशॉप सोडून गेल्यावर, मी त्यांना एकदाच पाहिलं. सकाळी कामावर निघालो होतो. उजळाईवाडीच्या वळणावर दुधाची गाडी कडेला उभी होती आणि मामा फडक्याने पुढची काच पुसत होते. तीच राखाडी टोपी. मी स्कूटर हळू केली. हाक मारावी की नाही, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात वरून आवाज आला, विमान उतरायला आलं होतं. जवळच्या टपरीवरचे लोक चहा हातात धरून वर बघायला लागले. मीही पाहिलं. प्रवासी विमान होतं.

मामांनी वर पाहिलं नाही. काच पुसताना त्यांचा हात क्षणभर थांबला, मान थोडी कलली, ऐकल्यासारखी. मग, हे ते नव्हे, हे कळल्यासारखा हात पुन्हा चालू लागला.

मी हाक मारली नाही.